आधी थकलेली बिले चुकती करा

मंदीच्या काळात छोट्या खाद्यव्यावसायिकांना स्वस्त कर्ज द्यावे, ही आपल्या अंकातील लेखात केलेली सूचना रास्त असली, तरी तिने अर्धाच प्रश्न सुटतो. कार्यालयांना जेवण पुरवणाऱ्या पोळी-भाजी केंद्राला गिऱ्हाईक घटल्याचा बसतो त्याहून मोठा फटका थकलेल्या बिलांचा बसतो. तेलाचा डबा आणि 19 किलोचा सिलिंडर रोखीने घ्यावा लागतो, पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मजुरी आठवड्याला द्यावी लागते. बिल मात्र ‘साहेबांची सही राहिली आहे’ या सबबीखाली लेखा विभागात महिनोन्‌महिने पडून राहते. स्वतःचेच पैसे अडकल्यामुळे काढावे लागणारे कर्ज स्वस्त असले तरी व्याज भरावेच लागते.

वस्तुतः सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे, करार काहीही असला तरी, 45 दिवसांच्या आत देणे बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. त्यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणीही विनाशुल्क होते. परंतु थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या, याच कायद्याखालील सुविधा परिषदेकडे दाद मागितली की पुढचे कंत्राट हातचे जाते, हे पुरवठादार पुरते ओळखून असतो (आणि लेखा विभागही!). म्हणूनच तक्रारीची वाट न पाहता निदान शासकीय कार्यालये, महापालिका व सरकारी रुग्णालये यांनी तरी जेवण पुरवठ्याची 45 दिवसांहून जुनी देयके दरमहा आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावीत.

– एक वाचक, पुणे