घातांकाची गणितं चुकवणारं ॲप, वर्षाची फी परत करा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

विषय: आठवीच्या घातांकाची चुकीची उत्तरं, आणि रिफंडबाबत

सर/मॅडम,

तुमच्या होमवर्क ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन मी मुलीसाठी घेतलंय. आठवीत आहे, मराठी मीडियम, स्टेट बोर्ड. चॅटवर लिहून लिहून कंटाळले, तिकडे दरवेळी नवीन माणूस येतो आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावतो, म्हणून आता सरळ मेल करतेय.

मी ऑफिसमधून सुटून भांडुपला घरी पोचेपर्यंत साडेआठ वाजतात, त्यात सेंट्रलची गाडी लेट झाली की विचारूच नका. त्यानंतर घनमूळ शिकवायला अंगात त्राण नसतं, म्हणूनच पैसे भरले ना. "फोटो काढा, पायऱ्यांसकट उत्तर मिळवा" ही तुमचीच जाहिरात आहे.

आता ऐका काय होतं ते. (मोबाईलवर आकड्याच्या डोक्यावर छोटा आकडा टाइप होत नाही म्हणून शब्दांत लिहितेय.) शाळेच्या वर्कशीटमध्ये होतं, ८ चा २/३ वा घात काढा. ॲपने तो वरचा २ खाली ओढला, ८२ भागिले ३ केलं आणि उत्तर दिलं २७.३३. खाली हिरवी टिक! अहो आठचं घनमूळ दोन, दोनाचा वर्ग चार, संपलं. चॅटवर सांगितलं तर म्हणे मॅडम हँडरायटिंग क्लिअर नसेल, क्लिअर फोटो पाठवा. छापील वर्कशीट आहे हो ती, स्क्रीनशॉट जोडलाय, तुम्हीच बघा कोणाचं हँडरायटिंग आहे ते.

बरं फोटो वाचताना चुकलं असं एकवेळ समजू. पण पुढच्या गणितात आकडे सगळे बरोबर वाचलेत आणि तरी बोंब आहे. २ चा ३ रा घात अधिक २ चा ४ था घात. ॲप म्हणतं पाया सारखा आहे म्हणून घातांकांची बेरीज करा, २ चा ७ वा घात, १२८. मधे अधिक आहे ना, गुणाकार कुठे आहे? ८ आणि १६ मिळून २४ होतात, हे आमच्या खालचा वाणीसुद्धा सांगेल. घातांकांची बेरीज गुणाकारात का होते, तर तीन दोन आणि चार दोन एकमेकांना गुणले की एकूण सात दोन गुणले जातात म्हणून, हे एका ओळीत सांगता आलं असतं, पण तुमच्या पायऱ्यांमध्ये फक्त "नियम १ वापरा". पोरगी नियम १ डोळे मिटून सगळीकडे वापरायला लागली आणि चाचणीत त्याचेच मार्क गेले. कंसाचंही तेच, कंसात उणे २ आणि बाहेर ४ था घात असेल तर उत्तर १६, कंस नसेल तर उणे १६, तुमचं ॲप दोन्हीकडे उणे १६ देतं.

मग लाइव्ह डाउट सेशन लावलं. मराठीत शिकवणार म्हणून वेगळे पैसे घेतलेत आणि सर आले ते हिंदीत. तिने विचारलं शून्य घात केला की उत्तर १ कसं येतं, शून्य का नाही. सर म्हणाले "याद कर लो बेटा, एक्झाम में इतना ही आता है". शेवटी चाळीतल्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाने गॅलरीत बसून तिला लिहून दाखवलं, २ चा ३ रा, २ रा, १ ला घात म्हणजे ८, ४, २, प्रत्येक वेळी घातांक एकाने कमी होतो आणि उत्तराला २ ने भाग जातो, मग २ च्या पुढे, शून्य घाताला, काय? १. त्याच्या पुढे अर्धा, म्हणजे उणे घातांकही तिथल्या तिथे कळला. चहा संपायच्या आत झालं सगळं, आणि तो पैसे घेत नाही.

रिफंड मागितला तर उत्तर आलं की ट्रायलचे सात दिवस संपले. ट्रायलमध्ये घातांकाचा धडा सुरू तरी झाला होता का? शाळा तुमच्या ट्रायलच्या हिशोबाने धडे घेत नाही.

तर मला उरलेल्या महिन्यांची फी आणि लाइव्ह सेशनचे पूर्ण पैसे परत हवेत, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात, तुमच्या वॉलेटमधले पॉइंट्स नकोत. ऑटो-रिन्यूअल आजच बंद करा. आणि वर लिहिलेली गणितं दुरुस्त करा, कारण माझी मुलगी सुटली तरी बाकीची पोरं तेच १२८ वहीत उतरवत असतील. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं, ते तुम्हाला माहीत असेलच. "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत" एवढंच परत आलं तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन लावणार.

स्क्रीनशॉट, पेमेंटची पावती आणि चॅट सोबत जोडलंय. फोन करायचा तर रात्री नऊनंतर करा, ट्रेनमध्ये ऐकू येत नाही.

एक पालक,
भांडुप, मुंबई