अमेरिकेला जाताय? बॅगा कुठे ठेवता ते बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांसाठी तुमच्या पुरवणीत मध्यंतरी लेख आला होता, इन्शुरन्स, गोळ्यांचं प्रिस्क्रिप्शन, लोणचं कसं पॅक करायचं, सगळं होतं त्यात पण ज्याच्या जिवावर हिवाळा काढायचा त्या फर्नेसबद्दल, म्हणजे अख्खं घर गरम करणाऱ्या गॅसच्या यंत्राबद्दल, एक ओळ नाही, म्हणून हे पत्र.

मी एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेला माणूस, सध्या शिकागोजवळ नेपरव्हिलला मुलाकडे आहे. इथली थंडी म्हणजे आपल्याकडचा स्वेटर-मफलरचा मामला नाही, 30 जानेवारी 2019ला शिकागोत पारा उणे 30 सेल्सिअसवर गेला होता. तर आम्ही आलो आणि आठवड्याभरात घर तापेना. थर्मोस्टॅटवर, म्हणजे घराचं तापमान ठरवायच्या यंत्रावर, 70 फॅरनहाइट (साधारण 21 सेल्सिअस) लावलेलं आणि आकडा 62च्या वर सरकायला तयार नाही, जमिनीतल्या जाळीतनं पाचेक मिनिटं गरम हवा यायची की मग नुसती गार. सौ. दोन शाली घेऊन बसलेली. मुलगा म्हणाला टेक्निशियनला बोलावतो, तर तो चार दिवसांनी येणार आणि नुसतं दारात येण्याचेच शंभरावर डॉलर!

म्हटलं थांब, आधी आपण बघू. थर्मोस्टॅटवर फॅन 'ऑन'वर होता तो 'ऑटो'वर केला, कारण 'ऑन'वर असला की आग विझल्यावरही पंखा गार हवा फेकत बसतो. फरक काहीच नाही. मग बेसमेंटमध्ये गेलो, फर्नेसच्या दाराला छोटी काच असते त्यातनं लाल दिवा लुकलुकताना दिसतो, तो किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं, अर्थ दाराच्या आतल्या बाजूला छापलेला असतो. आमचा चार वेळा, म्हणजे लिमिट स्विच. हवा पुरेशी फिरली नाही की आतला पत्रा जास्त तापतो आणि हा स्विच गॅस बंद करतो, पंखा मात्र चालूच. आता हवा का फिरेना? फर्नेसकडे जाणारी हवा गाळणारा फिल्टर ओढून काढला तर जुन्या गोधडीसारखा, मधोमध करडा थर, वर आमच्या फोडण्यांचा चिकटपणा. कधी बदलला विचारलं तर चिरंजीव छताकडे बघायला लागले. बसचा एअर फिल्टर असा दिसला असता तर आमच्या फोरमनने डेपोभर गाजवलं असतं.

आणि दुसरं कारण आम्ही स्वतः! हॉलच्या भिंतीत खाली मोठी जाळी आहे, घरातली हवा तिच्यातनंच फर्नेसकडे परत जाते, तिला टेकवून आमच्या 23-23 किलोच्या दोन बॅगा उभ्या. जागा मोकळी दिसली म्हणून मीच ठेवल्या होत्या, हे सौ.ने तेव्हापासून तीनदा तरी ऐकवलंय. बॅगा हलवल्या, नवा फिल्टर घातला (त्यावरचा बाण फर्नेसच्या दिशेने असावा, उलटा नको), तासा-दीड तासात 70. टेक्निशियनला नको म्हणून कळवलं.

बर्फ पडल्यावर घराबाहेर भिंतीतनं आलेले फर्नेसचे पांढरे प्लास्टिकचे पाइप मोकळे आहेत ना तेही बघावं, ते बुजले तरी फर्नेस बंद पडतं. पण गॅसचा वास आला किंवा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर कसलीही मेकॅनिकगिरी न करता सगळ्यांनी आधी घराबाहेर पडायचं आणि बाहेरनं 911ला फोन करायचा. आपल्याकडे बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं जातात, तोच हा कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो.

पुढच्या वेळी तो लेख छापाल तेव्हा लोणच्याच्या खाली दोन ओळी याच्याही घाला. आमच्या बॅगा आता गॅरेजमध्ये आहेत.

आपला,
एक निवृत्त मेकॅनिक, सांगली (मुक्काम नेपरव्हिल)