तूर सांभाळून ठेवणारा गुन्हेगार कसा?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

डाळींच्या भाववाढीवरचा आपला कालचा अग्रलेख वाचला. सकाळी वाचला, दुपारी पुन्हा वाचला आणि राग काही गेला नाही, म्हणून लिहायला बसले. साठ्यांवर पुन्हा मर्यादा घाला, गोदामांवर छापे टाका, चार जणांना आत टाका, म्हणजे बाजार ताळ्यावर येईल, असा आपला सल्ला आहे. ‘नफेखोर’ हा शब्द तर जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात आहे. ज्यांच्याबद्दल हे लिहिलं त्यांच्यापैकी एकाला तरी विचारावं, असं आपल्याला वाटलं नाही. म्हणून न विचारता सांगते. नागपुरातल्या कळमन्याच्या धान्यबाजारापासून जवळच वडिलांनी सुरू केलेली लहानशी डाळमिल आज मी आणि माझा भाऊ चालवतो.

तूर वर्षातून एकदाच येते. पावसाच्या सुरुवातीला पेरलेली तूर शेतातून निघते डिसेंबर-जानेवारीत, आणि कळमन्यात, हिंगणघाटात खरी आवक होते ती मार्चपर्यंत. वरण मात्र बाराही महिने लागतं. मग मधल्या काळात ही तूर कोणी ठेवायची? शेतकऱ्याला ठेवता येत नाही. त्याला पीककर्ज फेडायचं असतं, घरातलं लग्न करायचं असतं, पुढच्या हंगामाचं बियाणं घ्यायचं असतं. ती ठेवतो मिलवाला आणि व्यापारी. पैसा अडकवतो, बँकेचं व्याज भरतो, गोदामात औषध टाकतो, उंदीर-भुंग्यापासून माल राखतो. ऑक्टोबरात भाव पडले तर तोटाही त्याचाच. आपल्याकडे कितीतरी घरांत आजही उन्हाळ्यात वर्षाची डाळ भरतात, ऊन दाखवतात, एरंडेल चोळून डब्यांत ठेवतात. त्या बाईला आपण चांगली गृहिणी म्हणतो. तेच काम गावासाठी करणाऱ्याला आपण गुन्हेगार का म्हणता, याचं उत्तर मला हवं आहे.

२ जून २०२३ ला केंद्राने तूर आणि उडदावर साठामर्यादा लावली. घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन, आणि मिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. ठीक आहे, आम्ही त्यात बसलो. सप्टेंबरच्या शेवटी नियम बदलला. घाऊकवाल्याचे २०० चे ५० टन झाले, मिलचे तीन महिने गेले आणि एक महिना किंवा १० टक्के आले. नोव्हेंबरात पुन्हा पहिलं ते लागू. सहा महिन्यांत तीन नियम. ज्या धंद्यात जानेवारीत घेतलेला माल दिवाळीत भरडायचा असतो, तो धंदा असा कसा चालवायचा? सप्टेंबर ते डिसेंबर या काळात आमच्या भागात नवी तूर नसतेच, बाजारात सोयाबीन आणि कापूस असतो. महिनाभराचा माल ठेवायचा म्हणजे दर महिन्याला बंदरावरच्या मोठ्या आयातदारांकडे हात पसरायचे. लहान मिलचा हात बांधायचा आणि मोठ्याची सोय करायची, असं या नियमाने झालं.

त्याच दिवसांत आमच्याकडे एका सरकारी कार्यालयाचं पथक आलं. त्या वेळी गच्चीवर तूर वाळत घातलेली होती. ज्यांनी डाळमिल आतून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, तूर मशीनमध्ये टाकली आणि डाळ बाहेर आली असं होत नाही. चाळून, रोलरमधून एकदा काढून सालीला चरे पाडावे लागतात, मग तेल लावून ढीग मुरू द्यावा लागतो, पाणी मारून उन्हात वाळवावा लागतो, आणि मग पुन्हा रोलर. तेव्हा कुठे साल सुटतं. साहेबांनी विचारलं, “ही तूर आहे की डाळ?” मी सांगितलं, अजून दोन्ही नाही, काम सुरू आहे. त्यांच्या कागदावर अशा मालाला रकाना नव्हता. त्यांनी तो माल एकदा तुरीत धरला आणि आमच्या रजिस्टरमधून डाळीतही धरला. दर आठवड्याला पोर्टलवर साठा भरायचा असतो, तो आम्ही नेमाने भरला होता. ते आकडे आणि यांचे आकडे जुळेनात. पंचनामा झाला, गोदामाला सील लागलं.

दुसऱ्या दिवशी एका दैनिकात आमच्या गोदामाच्या शटरचा फोटो, आणि खाली ‘साठेबाजांना दणका’. शटरवर वडिलांचं नाव रंगवलेलं आहे. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी तो पेपर घडी करून उशाखाली ठेवला आणि कोणाशीच बोलले नाहीत. पुढे कागद तपासले गेले, हिशेब बरोबर निघाला, सील निघालं. त्याची बातमी कोणीच छापली नाही. आत ठेवलेल्या तुरीला औषध द्यायची तारीख सील असतानाच उलटून गेली होती. शटर वर केलं तर कट्ट्यांवर, म्हणजे पोत्यांवर, भुंगा फिरत होता, दाणे भोकाभोकांचे झाले होते. चाळून जेवढी निघाली तेवढी भरडली, बाकीची चुरीच्या भावाने ढोरांच्या खाद्यात गेली. डाळ निवडणाऱ्या आमच्या बाया तेवढे दिवस कामाविना घरी बसल्या. त्या छाप्याने तूरडाळ एक रुपयाने स्वस्त झाली असेल तर मला दाखवा.

हे फक्त माझं रडगाणं आहे असं म्हणू नका. २०१९-२० च्या आर्थिक पाहणी अहवालात केंद्राच्याच अर्थतज्ज्ञांनी जीवनावश्यक वस्तू कायद्यावर, म्हणजे ज्याच्या आधाराने साठामर्यादा लागते आणि छापे पडतात त्या कायद्यावर, सविस्तर लिहिलं आहे. १९५५ चा हा टंचाईच्या काळातला कायदा आता कालबाह्य झाला आहे, साठामर्यादेने भाव स्थिर होत नाहीत, उलट अधिकच हलतात, आणि छाप्यांनंतर शिक्षा होण्याचं प्रमाण जेमतेम २ ते ४ टक्के आहे, असं त्यांनीच नोंदवलं आहे. म्हणजे शंभरातले पंच्याण्णवहून अधिक छापे शिक्षेपर्यंत पोचतच नाहीत, त्रास मात्र होतोच. त्यानंतर २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली होती. नाशवंत नसलेल्या मालाचा किरकोळ भाव ५० टक्क्यांनी चढल्याशिवाय साठामर्यादा लावायची नाही, आणि प्रक्रिया करणाऱ्याला त्याच्या क्षमतेइतका माल ठेवू द्यायचा, असं त्यात होतं. आम्हाला हवं होतं ते हेच. पण इतर दोन कृषी कायद्यांबरोबर २०२१ मध्ये तीही मागे घेतली गेली आणि त्याबद्दल हळहळणारा एक ओळीचा मजकूर मी कुठे वाचला नाही.

अग्रलेखात सट्टेबाजांचाही उल्लेख आहे. तुरीचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या मालाचे आजच भाव ठरवून होणारे सौदे, जानेवारी २००७ पासून बंद आहेत. वायदे नसतानाच २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली होती. मग सट्टा कुठे झाला? त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, तूर कमी पिकली होती, एवढंच खरं कारण. भाव चढला म्हणून पुढच्या वर्षी शेतकऱ्यांनी तूर जास्त पेरली आणि भाव उतरला. भावाने त्याचं काम चोख केलं. सरकारने काय केलं? २००६ पासूनची निर्यातबंदी तशीच ठेवली. क्विंटलला ५०५० रुपये हमीभाव असताना विदर्भातला शेतकरी त्याहून खाली तूर विकत होता, खरेदी केंद्रांसमोर गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, बारदाना (रिकामी पोती) नाही म्हणून मापं थांबत होती. निर्यात खुली झाली सप्टेंबर २०१७ मध्ये, शेतकऱ्याच्या घरातली तूर संपल्यावर. भाव चढला की शहरासाठी बंदी आणि पडला की शेतकऱ्याला रांग, या दोन्हींची किंमत खेड्याने भरली आहे.

विदर्भाला हे नवीन नाही. १९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी आली, म्हणजे कापूस फक्त राज्य सरकारलाच विकायचा असं ठरलं, तेव्हा आपलाच कापूस राज्याबाहेर विकणं गुन्हा ठरला. सावनेरच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बाजारात भाव बरा असला तरी माझ्या आजोबांना बैलबंडी तिकडे नेता येत नव्हती. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हटलं ते उगाच नाही. आपलं वर्तमानपत्र नागपुरातून निघतं, निदान त्याने तरी हे विसरू नये.

कोणी संगनमताने भाव चढवत असेल तर त्याला जरूर पकडा. त्यासाठी २००२ चा स्पर्धा कायदा आहे, पुरावे गोळा करा, खटला चालवा. पण माल जवळ असणं हाच पुरावा मानू नका. सरकार स्वतः डाळीचा साठा करतं, त्याला बफर म्हणतात, आणि तो असावा असं आपणच लिहिता. मग दुसऱ्याने ठेवलेला साठा वाईट कसा?

जाता जाता आणखी एक. जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकिटबंद डाळीवर ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या डाळीवर नाही. म्हणून आता सगळीकडे ३० किलोचे कट्टे चालतात. ज्याची ऐपत दहा किलोची आहे त्याने वजन, तारीख, मिलचं नाव छापलेली पिशवी घेतली तर कर भरायचा, आणि ३० किलो एकरकमी नेणाऱ्याला माफ. आमच्याकडे येणाऱ्या बाया दोघी-तिघी मिळून एक कट्टा घेतात आणि मिलच्या दारातच वाटून नेतात. यावरही एक अग्रलेख लिहा. माहिती हवी असेल तर आपल्या वार्ताहराला फेब्रुवारीत, आवक असताना, कळमन्यात पाठवा. मी त्याला मिल दाखवीन, गच्चीसुद्धा.

आपली,
एक डाळमिलचालक, कळमना परिसर, नागपूर
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत दिला आहे, छापू नये.)