यंत्र चुकलं तर दाद कुणाकडे मागायची? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळांमध्ये एआय वापरण्याआधी काढावयाच्या शासन निर्णयाबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

मी मेळघाटातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं, की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच मुलांना कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून द्यायची. अभ्यासक्रमावर तज्ज्ञ मंडळी बसली आहेत, तो विषय त्यांचा. पण एआय म्हणजे काय हे मुलांना शिकवणं वेगळं आणि एआयकडून मुलांची हजेरी, वाचन, गुण मोजून घेणं वेगळं. पहिल्यावर परिषदा होतात. दुसरं कुठल्या तरी कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) निधीतून, नावीन्यपूर्ण उपक्रमातून किंवा केंद्रप्रमुखांच्या, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, ग्रुपवर आलेल्या एका ॲपच्या नावाने वर्गात येऊन बसतं. हे पत्र त्याबद्दल आहे.

मी एआयच्या विरोधात नाही, रोज वापरते. पहिली ते पाचवी पाच इयत्ता, आम्ही दोघे. एकाच खोलीत तीन इयत्ता आणि प्रत्येक इयत्तेत वाचनाचे तीन स्तर. तोच उतारा तीन पातळ्यांवर लिहून घेणं, शाब्दिक उदाहरणात मोहफुलं आणि तेंदूपत्त्याचे पुडे घालणं, ही कामं पूर्वी रात्रीचा तास खायची. आता पटकन होतात. तपासावं लागतं, हे खरं. ‘जोडाक्षर नको’ म्हणून बजावलं तरी तिसऱ्या ओळीत ‘पक्षी’ येतोच. पण ती चूक माझ्या टेबलावर येते, मी खोडते, मुलापर्यंत जात नाही.

मुलांच्या घरच्या कोरकू भाषेत एखादी गोष्ट मागितली तर मात्र एआय जे काही बेधडक लिहून देतं, ते वाचून दाखवल्यावर पहिलीतली पोरं पोट धरून हसतात. त्यात नवल नाही. सरकारची भाषांतराची ‘भाषिणी’ सेवा उभी राहिली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी, आणि कोरकू त्यात नाही. आदिवासी भाषांच्या भाषांतरासाठी २०२५ मध्ये ‘आदि वाणी’ आली, तिच्या सुरुवातीच्या यादीत भिली, गोंडी, संथाली, मुंडारी होत्या. कोरकू तिथेही नव्हती. जी भाषा यंत्राने ऐकलेलीच नाही, ती घरी बोलणारं मूल मराठी वाचताना कसं वाचेल याचाही त्याला पत्ता नसतो.

आता वाचन तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचं पाहा. मूल मोबाइलसमोर उतारा वाचतं, यंत्र आवाज ऐकतं, चुकलेले शब्द लाल करतं आणि मिनिटाला किती शब्द ते सांगतं. अशी यंत्रं ध्वनिमुद्रित आवाजांवर शिकतात, आणि ते आवाज बहुतेक मोठ्या माणसांचे, प्रमाण बोलीतले. दुसरीतली मुलगी कोरकू वळणाने, अडखळत, पण अर्थ समजून वाचते. उतारा संपल्यावर ‘म्हातारीने बोकड का विकला’ विचारलं तर कारणासकट सांगते. यंत्राला ते कळायचा मार्ग नाही. त्याच्या लेखी सात शब्द लाल. हे सात लाल शब्द वर डॅशबोर्डवर जातात, तिथे ‘अप्रगत’ची टक्केवारी होते आणि महिन्याभराने शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, आमच्या शाळेचं नाव तळाच्या यादीत येतं. मी म्हणते, मुलीला वाचता येतं. समोरचे साहेब म्हणतात, मॅडम, सिस्टीममध्ये तसं दिसत नाही. पुढे कुणाकडे जायचं? खालपासून वरपर्यंत प्रत्येक जण सिस्टीमकडे बोट दाखवतो, आणि सिस्टीमला कुणाची सही लागत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली कोरोनामुळे ए-लेव्हल (आपल्या बारावीसारख्या) परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा ऑफक्वॉल या नियामक संस्थेने सूत्र लावून श्रेणी ठरवल्या. शाळेचे मागचे निकाल हिशेबात धरल्यामुळे कमी निकालाच्या शाळेतलं हुशार मूलही खाली ओढलं गेलं. शिक्षकांनी दिलेल्या सुमारे ४० टक्के श्रेणी उतरल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला, मुलं रस्त्यावर आली, १७ ऑगस्टला सरकारने सूत्र मागे घेतलं. आमची मुलं रस्त्यावर येणार नाहीत. त्यांच्या आईबापांना आपलं पोर ‘लाल’ आहे हेच कळणार नाही.

अशा ॲपसाठी पालकांच्या संमतीचं म्हणाल तर तीही मिळते. आम्ही सांगतो तिथे पालक सही करतात, नाहीतर अंगठा देतात. स्वीडनमधल्या शेलेफ्टेओ गावात एका शाळेने २२ विद्यार्थ्यांची हजेरी चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने घेऊन पाहिली. संमती घेतली होती. तरी २०१९ मध्ये तिथल्या नियामकाने दोन लाख क्रोनर दंड ठोठावला. कारण दिलं ते फार नेमकं होतं : मूल शाळेवर अवलंबून असतं, म्हणून शाळेला दिलेली संमती मोकळ्या मनाची मानता येत नाही. स्वीडनमधल्या पालकाची ही स्थिती, तर पोराचा दाखला, शिष्यवृत्ती, पोषण आहार सगळं आमच्या हातून घेणाऱ्या पालकाची काय असेल?

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई आहे. पण नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षेसाठी शिक्षण संस्थांना यातून सूट मिळाली. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त मुलं आहेत तिथलंच दार किलकिलं राहिलं. ते लावून घेणं राज्याच्या हातात आहे.

म्हणून एक शासन निर्णय मागते. यंत्राने लावलेला मुलाचा स्तर, गुण किंवा शेरा वर्गशिक्षकाने पाहिल्याशिवाय वर जाऊ नये. शिक्षकाने तो बदलला तर बदललेलाच ग्राह्य धरावा, कारण नोंदवून. ते कारण कुणी तपासायला आलं तर स्वागतच आहे, निदान माणूस येईल. प्रत्येक ॲपमागे जिल्ह्यातल्या एका अधिकाऱ्याचं नाव असावं आणि तक्रार किती दिवसांत निकाली काढायची ते लिहिलेलं असावं. वाचन तपासणारं काहीही आणण्याआधी ते कोरकू, गोंडी, पावरी, वारली बोलणाऱ्या मुलांवर तपासावं आणि निकाल जाहीर करावा. चेहऱ्यावरून हजेरी नकोच. माझ्या वर्गात कोण आलं नाही हे मला दारातूनच दिसतं, आणि का आलं नाही हे कॅमेऱ्याला कधी दिसणार नाही.

कंपन्यांशी करार करताना त्या बुडतील हेही धरून चाला. लॉस एंजेलिसच्या शाळांनी मार्च २०२४ मध्ये गाजावाजा करून ‘एड’ नावाचा चॅटबॉट आणला. तीन महिन्यांत तो बनवणाऱ्या कंपनीने बहुतेक कर्मचारी घरी बसवले. मुलांच्या माहितीचं पुढे काय, हा प्रश्न तेव्हा पडला. आपल्याकडे तो करारातच सुटलेला असावा.

माध्यमिकच्या मित्रांसाठी एक जोड. ‘हा प्रकल्प एआयने लिहिला का’ हे ओळखणाऱ्या साधनांवर कुठल्याही मुलाला दोषी धरू नये. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच आपलं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं.

आणि यंत्राला कामच द्यायचं असेल तर आमचं द्या. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नका म्हणतं. तरी तीच पटसंख्या आम्ही यू-डायस आणि सरल या सरकारी माहिती-पोर्टलांवर, पोषण आहाराच्या ॲपमध्ये आणि वर ‘आजच ५ वाजेपर्यंत’च्या एक्सेलमध्ये भरतो. एकदा भरलेली माहिती चार ठिकाणी जाईल एवढं जरी त्या बुद्धिमत्तेने केलं, तरी त्या वेळात मी चार मुलांना जवळ बसवून वाचून घेईन.

निर्णयाचा मसुदा आधी शाळा व्यवस्थापन समित्यांपुढे ठेवा. कायद्याने त्यात ७५ टक्के पालक असतात, आणि मराठी सोपी असेल तर ते नीट प्रश्न विचारतात, हा अनुभव आहे. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा पेरणीची घाई असते, बैठकीला कुणी येत नाही. मसुदा मार्चमध्ये पाठवा. आणि छापील पाठवा, कारण आमच्या गावात रेंज येते ती टेकडीवर.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका, मेळघाट
(नाव का घातलं नाही, हे सेवेच्या वर्तणूक नियमांत आहे.)