कॅलेंडरवरची टिंबं

सिएटल,
रविवार, रात्रीचे दहा

ती. आईस,
सा. न.

फोनवर पंधरा मिनिटं झाली की तू "ठेव आता, तुला सकाळी उठायचंय" म्हणतेस आणि मीही लगेच ठेवते. म्हणून आज लिहायलाच बसले. अक्षर मोठं काढतेय, वाचताना डोळ्यांना त्रास नको.

तीन आठवड्यांपूर्वी लायब्ररीतून एक कादंबरी आणली, ‘रिमार्केबली ब्राइट क्रीचर्स’. शेल्बी व्हॅन पेल्ट या बाईंनी लिहिलेली, 2022 साली आली. नावाचा अर्थ ‘विलक्षण हुशार जीव’ असा काहीसा. गोष्ट इथलीच आहे, सिएटलला लागून समुद्राचा जो फाटा आत शिरतो त्या प्युजेट साउंडच्या काठची. गाव मात्र लेखिकेने मनाने वसवलेलं. तिथे टोवा नावाची सत्तर वर्षांची बाई एकटी राहते. नवरा गेलेला. एकुलता एक मुलगा तीस वर्षांपूर्वी, अठरा वर्षांचा असताना, एका रात्री समुद्रात नाहीसा झाला. ही बाई रात्री गावच्या मत्स्यालयात लादी पुसते, काचा पुसते. पैशांची नड नाही, पण हात रिकामे राहिलेले तिला सोसत नाहीत. (हे वाचताना तू पितळेचे डबे घासताना दिसत होतीस, खरं सांगते.)

मत्स्यालयाच्या एका टाकीत मार्सेलस नावाचा ऑक्टोपस आहे आणि अधूनमधून गोष्ट तोच सांगतो. मला आधी वाटलं, हे लहान मुलांसाठी असणार. तसं नाही निघालं. त्याचं प्रत्येक प्रकरण सुरू होतं ते इथे कोंडून घातल्याला किती दिवस झाले या आकड्याने. पहिलाच आकडा 1,299. त्याच्या जातीचं आयुष्य चारेक वर्षांचं, म्हणजे 1,460 दिवसांचं, हे त्याला ठाऊक आहे. आपले किती उरलेत हे जाणून तो मोजत बसलाय.

त्या आकड्यापाशी मी पुस्तक मिटलं, आई. ऑफिसच्या बसमध्ये होते.

मी डिसेंबरात आले होते तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीचं बारीक टिंब होतं. मला वाटलं, दुधाचा खाडा मांडतेयस. पण खाडा म्हणजे दूध न आलेला दिवस, आणि टिंब तर रोजच होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एकदा गॅसवाल्याचा नंबर शोधायला मी मागची पानं उलटली. एप्रिलच्या पानावर पहिले दहा चौकोन कोरे होते. टिंबं अकरा तारखेपासून सुरू होत होती. मी ते पाहिलं, नंबर उतरवून घेतला आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं. अकरा एप्रिल. आठ महिन्यांची टिंबं माझ्या हातात होती आणि मी तुला गॅसचं विचारत होते.

त्या कादंबरीतली सात-आठ वाक्यं मी वहीत उतरवून घेतलीत. तुझ्यासाठी मराठीत करून बघितली, पण त्या ऑक्टोपसची ऐट मला मराठीत काही आणता येईना, म्हणून पाठवत नाही. नंतर वही पुन्हा उघडली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मी उतरवलेलं एकही वाक्य धीर देणारं नाही. त्या सगळ्या वाक्यांत तो फक्त काचेतून काय दिसलं ते सांगतो. एका रात्री तो टाकीबाहेर पडतो आणि कर्मचाऱ्यांच्या खोलीत वायरींच्या गुंत्यात अडकतो. टोवाला तो तिथे सापडतो, ती त्याला सोडवते. तिच्या हातावर त्याच्या पकडीचे गोल गोल वळ उठतात. त्याला तिचं दुःख कळतं, पण तो काय बोलणार? मला वाटतं, तिला म्हणूनच त्याचा आधार झाला असावा. बाकी गावात सगळे तिच्या भल्याचंच बोलतात.

शनिवारी इथल्या मत्स्यालयात जाऊन खरा ऑक्टोपस बघून आले. बराच वेळ तो कोपऱ्यात विटकरी रंगाचा गोळा होऊन बसला होता. मग एक हात सुटा झाला आणि काचेवर आला. त्यावरचे चूषक पांढरट, बशीसारखे, टोकाकडचे अगदी मोहरीएवढे. उचलताना एकेक काठापासून सुटत जायचा आणि पुढचा चिकटायचा. त्या चूषकांनीच त्याला चवही कळते. म्हणजे तो जे जे धरतो, ते चाखतोसुद्धा. हृदयं तीन, दोन कल्ल्यांसाठी आणि एक बाकी शरीरासाठी. आणि तो माणसं ओळखतो. इथल्याच मत्स्यालयात अभ्यास झाला होता, 2010 साली तो प्रसिद्ध झाला. एकाने रोज खायला घालायचं, दुसऱ्याने खरखरीत काठीने टोचायचं, दोघांचे कपडे सारखेच. दोन आठवड्यांत ऑक्टोपस दोघांशी वेगळं वागायला लागले. तू म्हणशील, यात काय नवल, आपला खंड्या ओळखतोच की.

खंड्यावरून आठवलं. फेब्रुवारीत तू सांगत होतीस की तो अजून रात्री बाबांच्या चपलांवर हनुवटी टेकून झोपतो. मी म्हटलं, "बरं आई, पेन्शनच्या फॉर्मचं काय झालं?" तू फॉर्मचं सांगितलंस आणि खंड्याचं तिथेच राहिलं.

याच पाण्यातली एक खरी गोष्ट सांगते. 2018 च्या जुलैत इथल्या एका ओर्का (काळा-पांढरा देवमासा) मादीला पिल्लू झालं आणि अर्ध्या तासात गेलं. अभ्यासकांनी या माशांना क्रमांक दिलेत, तिचा जे-35. (मासा म्हणायची सवय, पण हे पाण्यावर येऊन हवेत श्वास घेणारे, दूध पाजणारे प्राणी.) तिने ते पिल्लू सोडलं नाही. डोक्यावर, तोंडात धरून सतरा दिवस वाहत राहिली, हजार मैलांच्या आसपास. पिल्लू घसरून खाली जायचं, ही बुडी मारून पुन्हा वर आणायची. 2025 च्या सुरुवातीला तिचं आणखी एक पिल्लू गेलं, तेव्हाही तिने तेच केलं. काठावरची माणसं बघत होती, फोटो काढत होती, रडत होती, पण ते तिच्यापासून कुणी काढून घेतलं नाही. शेवटी तिचं तिनेच सोडलं.

आणि मी काय केलं? दुसऱ्याच महिन्यात तुला फोनवर म्हटलं, "बाबांचे कपडे कुणा गरजूला देऊन टाक, समोर दिसले की त्रास होतो." त्रास मला होत होता. तू "बघते" म्हणालीस आणि मी आपलं काम केल्यासारखा फोन ठेवला. मला माफ कर. मामाही तेच म्हणाला असेल, शेजारच्या काकूही म्हणाल्या असतील, पण मी म्हणायला नको होतं.

शर्ट अजून असतील तर राहू देत. मी दिवाळीत येईन तेव्हा निळ्या चौकड्यांचा मला हवाय. दिले असलेस तर तेही बरोबरच आहे, मला फक्त सांग.

आणखी एक मागायचंय. अकरा एप्रिलचं तू मला अजून सांगितलेलं नाहीस. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं आणि नंतर मी तुला कधी विचारलंच नाही. त्या सकाळी बाबांनी चहा घेतला होता का? खुर्ची कुठे होती? तू स्वयंपाकघरात होतीस की बाहेर? खंड्या भुंकला का? त्या घरात त्या दिवशी तुम्ही तिघंच होता. खंड्याला सांगता येत नाही. तू सांग. रडू आलं तर येऊ दे, मी विषय बदलणार नाही.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला फोन करते. इकडे शनिवारचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात, मला दुसरं काही काम नसतं. तेवढा वेळ ठेव. आणि फोनपाशी येताना कॅलेंडर खिळ्यावरून काढून आण.

तुझी,
चिमी