सेंद्रिय कापडाचा तागा घेण्याआधी

चि. सईस, अनेक आशीर्वाद.

सेंद्रिय कापडाचे शर्ट शिवून विकायचा तुझा आराखडा वाचला. ‘पृथ्वीसाठी कपडे’ हे वाक्य आधी खोड. कापड कुठलं, शिवलं कुणी, मजुरी कशी ठरली, एवढंच सांग. ते कुणालाही तपासता येतं.

पहिल्या खेपेला एकच कापड आणि दोनच डिझाइन घे. शर्ट खपलाच नाही तर त्यातला सेंद्रिय कापूसही वायाच गेला.

तागा उचलण्याआधी नमुना धुऊन बघ. कापडावर ५० सेंमीचा चौकोन पक्क्या शाईनं आख, गिऱ्हाईक धुईल तसं तीनदा धू, वाळव, मग उभं-आडवं वेगवेगळं मोज. ५० चे ४७.५ झाले, तर आटणं ५ टक्के. तयार लांबी ७० सेंमी हवी असेल तर ७० ला ०.९५ नं भाग, म्हणजे ७३.७ सेंमी कापावं लागेल. त्यापेक्षा सगळं कापड आधीच धुऊन घेतलेलं बरं, कारण उभं आणि आडवं सारखं आटत नाही आणि शिवण पिळवटते. गडद रंगावर ओलं पांढरं फडकं दहा वेळा घास. फडक्यावर रंग उतरला तर तो लॉट (एका खेपेत रंगवलेलं कापड) परत कर. एका शर्टाची बाही आणि पाठ दोन लॉटांतून कधीच कापू नकोस. उन्हात फरक उठून दिसतो.

कटिंगमध्ये सहज १० ते १५ टक्के कापड चिंध्यांत जातं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, छापील आकड्यावर धरू नकोस, काठ सोडून मोज आणि खिसे, कॉलर मोठ्या तुकड्यांच्या फटींत बसव.

कागदपत्रांत बहुतेक जण फसतात. गॉट्सचं (सेंद्रिय कापडाचं जागतिक मानक, GOTS) ‘ऑरगॅनिक’ लेबल किमान ९५ टक्के तंतू सेंद्रिय असतील तरच मिळतं. पण गिरणीचं प्रमाणपत्र म्हणजे तुझ्या लॉटचं नव्हे. त्या खरेदीचं ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट, म्हणजे विकलेला तेवढाच माल प्रमाणित असल्याचा दाखला, वेगळं माग. शिवणारं युनिट प्रमाणित नसेल तर तयार कपड्यावर गॉट्सचा लोगो लावता येत नाही. ओईको-टेक्स स्टँडर्ड १०० हे दुसरं लेबल फक्त घातक रसायनं तपासतं, कापूस सेंद्रिय आहे का ते नाही. आणि पॉलिस्टरच्या दोऱ्यानं शिवणार असशील (टिकायला तोच चांगला), तर शर्ट ‘मातीत विरघळतो’ असं लिहू नकोस.

मजुरी नगावर घासाघीस करून ठरवू नकोस. एका शर्टाला लागणारी मिनिटं घड्याळ लावून मोज, पोट भरेल असा महिन्याचा पगार धर, कामाच्या मिनिटांपैकी ६०-६५ टक्केच प्रत्यक्ष शिवणात जातात हे गृहीत धरून त्या पगाराला महिन्याच्या तेवढ्याच मिनिटांनी भाग दे, आणि आलेल्या मिनिटाच्या दराला शर्टाच्या मिनिटांनी गुण. येणारा आकडा तुला जड वाटेल. मग शर्टाची किंमत वाढव किंवा डिझाइन सोपं कर.

लेबलचा मजकूर छापायला देण्याआधी मला पाठव.

तुझी आई