बोरिवलीच्या जंगलातून, निल्याला

प्रिय निल्या,

फोनवर तुझा पहिलाच प्रश्न, बिबट्या दिसला का? नाही दिसला. पण तो तिथे होता हे छातीठोकपणे सांगतो, आणि ते कसं कळलं हे फोनवर नीट सांगता येईना म्हणून लिहितोय.

शिलोंडा ट्रेलला गेलेलो, परवानगी काढून, ग्रुपबरोबर. काटेसावर सॉलिड फुललीये, पान एक नाही, नुसती लालभडक फुलं, वर भोरड्या पक्ष्यांचा कलकलाट. काळतोंडी वानरं फुलं तोडून अर्धी खात होती अर्धी टाकत होती, आणि खाली चितळं ती टाकलेली वेचून खात होती. आणि एकदम वरचं एक वानर खाकरल्यासारखं ओरडलं, खॅक् खॅक्, झालं, सगळ्यांचं खाणं बंद. चितळांच्या शेपट्या ताठ, खालचा पांढरा भाग चमकायला लागला, एक मादी पुढचा पाय जमिनीवर आपटत एकाच झुडपाकडे बघतेय, मान हलत नाही. गाईड म्हणाला, कॉल चालू आहे, म्हणजे प्राण्यांची धोक्याची हाक, बोलू नका. मग तो ओरडा हळूहळू नाल्याकडे सरकत गेला, म्हणजे बिबट्याही तिकडेच चालला होता ना! पुढे धुळीत ठसा मिळाला, चार बोटं, तळव्याची गादी, पण नखाची खूण नाही. कुत्र्याची नखं उमटतात, बिबट्या नखं आत ओढून चालतो.

आणि हे सगळं बोरिवली स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर रे! शंभर चौरस किलोमीटरच्या वर जंगल, त्यातच तुळशी आणि विहार, ज्यांचं पाणी मुंबई पिते. सफारीतले वाघ-सिंह राखलेले, हे बिबटे मात्र मोकळे, रात्री वस्तीच्या कडेला कुत्र्यांमागे येतात. जंगलाला लागून असलेल्या आरेतल्या पाड्यांवर वारली लोक वाघोबा या देवाला मानतात, त्याच्या शेजारी राहायची रीत त्यांना ठाऊक आहे. आपल्याकडचे लोक माकडांना वेफर्स चारतात, तेव्हा खरंच डोकं फिरतं माझं.

तू महिना संपायच्या आत ये, सावरीची फुलं फार टिकत नाहीत. (कारवीची झुडपं म्हणशील तर ती २०२४ ला फुलून गेली, आठ वर्षांनी फुलते, आता थेट २०३२.) आदल्या रात्री घरीच मुक्काम कर, आई सारखी विचारते तुझं. भडक शर्ट नको, आणि दादाची दुर्बीण मिळाली तर घेऊन ये, माझ्याकडे एकच आहे.

तुझा,
सुऱ्या